काळी फिल्म आणि गुरप्पाची जीभ

खिडक्यांना ऊन अडवणारी फिल्म चिकटवणाऱ्या गुरप्पाचं अख्ख्या सोलापूरशी वाकडं. गिऱ्हाईक आलं की आधी त्याची चूक काढायची, मग फिल्म दाखवायची. स्वतःच्या लग्नात मांडवाचं कापड उलटं बांधलंय म्हणून यानं अक्षता थांबवल्या होत्या म्हणे. मी तिथं नव्हतो. पण त्याच्या बायकोला विचारा, ती नाही म्हणत नाही.

त्यातही मेव्हणा शिवपुत्र म्हणजे पक्का वैरी. गुरप्पाच्याच हाताखाली शिकला आणि समोरच दुकान थाटून बसला. यंदा मार्चात अभ्यासिकेच्या पश्चिमेकडच्या चौदा खिडक्यांचं काम निघालं. बायकोनं गुरप्पाला बजावलं, "हे गेलं तर दुकान बंद. माझ्या भावाच्या हाताखाली जायचं."

अभ्यासिकेचे अध्यक्ष आबासाहेब, त्यांनी दोघांना एकदमच बोलावलं. शिवपुत्रानं काळी फिल्म लावलेली काच उभी केली, पुढं उष्णतेचा दिवा लावला.

"आबासाहेब, मागं हात धरा. पंच्याण्णव टक्के उष्णता अडली!"

"गार हाय की!" आबासाहेब खूश.

"दिवा म्हंजे सूर्य व्हय रे?" गुरप्पा कडाडला. "उन्हातली निम्मी उष्णता उजेडात असती, ती तुज्या दिव्यात कुटं हाय? आन् घाई का? दहा मिनिटं राहू दे."

त्यानं आपली आरशासारखी फिल्म लावलेली काच दुसऱ्या दिव्यापुढं ठेवली आणि प्रयोगशाळेनं फिल्म तपासून दिलेला कागद आपटला. "ऊन तीन वाटांनी जातं. आत किती आलं, परत किती गेलं, काचेनं गिळलं किती. तिन्ही मोजायचं. गिळलेलं पुन्ना आतबी वकतं, ह्या मेव्हण्यासारखं."

"दाजी, तोंड सांभाळा!"

दहा मिनिटांनी आबासाहेबांनी काळ्या काचेला हात लावला आणि चटकन मागं घेतला. गुरप्पाची काच नुसती कोमट. काम हातात आलंच होतं. इथं शहाणा माणूस गप्प बसला असता.

गुरप्पा म्हणाला, "काळं केल्यानं गार होत न्हाय, आबासाहेब. तुमचं डोस्कंच बघा की, कलप लावून उन्हात किती तापतंय!"

काम शिवपुत्राला गेलं.

एप्रिलात एका दुपारी वरच्या छज्ज्याची सावली काचांच्या निम्म्यावर आली. काळ्या फिल्मच्या काचेचा उन्हातला भाग तापलेला, सावलीतला गार. दोन काचा ताडकन तडकल्या. खाली अभ्यासाला बसलेली पोरं बाहेर पळाली. दुसऱ्या दिवशी आबासाहेब गुरप्पाच्या दुकानात. कलप गायब, डोकं पांढरंशुभ्र. आम्ही समोरच्या टपरीवर चहा थांबवून बघत होतो.

"काम तुला. पण एक अट. शेवटची खिडकी होईस्तोवर तोंडातनं एक शब्द निघाला, तर परत शिवपुत्र."

गुरप्पानं मान हलवली.

चार दिवस तो मुकाट्यानं शिडीवर. शिवपुत्र खाली उभा राहून मुद्दाम टोचायचा, "दाजी, फुगा आलाय बघा! दाजी, वाकडं कापलं!" गुरप्पाचे कान लालभडक व्हायचे, दात करकरा वाजायचे. शब्द नाही.

चौदावी खिडकी संपली. गुरप्पा उतरला, आबासाहेबांचा पंजा धरून काचेवर दाबला. दहा मिनिटं, घड्याळ लावून. आबासाहेबांना हात सोडवता येईना.

"कोमट हाय," ते शेवटी पुटपुटले.

आता अट संपली होती. गुरप्पानं पांढऱ्या डोक्याकडं निरखून बघितलं.

"हेबी मोजायला पायजे," तो म्हणाला. "आता ऊन परत फेकतंय."