चालत्या गाडीवरची दुआ

पुस्तकांचं संपादन हा माझा धंदा. यवतमाळात घरी बसून करते, आणि नातेवाइकांना वाटतं मी दिवसभर वेलांट्या तपासते. वाटू दे. पण त्या आठवड्यात माझं डोकं इतकं तापलं होतं की घरातले चहा विचारायलाही बिचकत होते.

कारण होतं आर्णीहून आलेलं एक हस्तलिखित. वडिलांच्या मागे त्यांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज चालवणाऱ्या एका मुस्लीम बाईनं आपलं आयुष्य लिहिलं होतं, ती बोलते त्याच वऱ्हाडीत. वाचायला घेतलं आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. पुण्याच्या प्रकाशकांनाही ते आवडलं होतं, पण त्यांनी समासात शेरे मारून ठेवले होते. भाषा प्रमाण करा. वडिलांचा उल्लेख आला की दरवेळी 'अल्ला त्यायले जन्नत देवो' येतं, ते सगळं काढा, वाचक कंटाळतो. वर एक वाक्य त्यांनी स्वतःच घुसडलं होतं: 'मुस्लीम असूनही अब्बांनी मुलीच्या हाती पाना दिला.' त्या 'असूनही'नं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते वाक्यच मी तिथल्या तिथे उडवलं.

लेखिकेला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "ताई, माह्यं बोलनंच बदलवाचं असन तं पुस्तक राहू द्या. दुसऱ्या बाईचं पुस्तक मले माह्या नावानं नाई पाह्यजे."

म्हणजे तिचं पहिलंवहिलं पुस्तक येण्याआधीच बुडणार होतं. छे! मी बुडू देणार नव्हते.

मजकुराला हात लावण्याआधी तो लेखकाच्या तोंडून ऐकायचा, ही माझी जुनी सवय. सकाळची एसटी पकडून आर्णी गाठली. गॅरेजात एक आजोबा आपली फटफटी दुरुस्त व्हायची वाट पाहत बसले होते. तिनं हात पुसले, मला स्टूल दिला आणि मोबाइलवरून पहिलं प्रकरण वाचायला लागली. लहानपणी अब्बा तिला फटफटीच्या टाकीवर बसवून फिरवायचे आणि नुसत्या आवाजावरून इंजिनचं दुखणं ओळखायला लावायचे, ते सगळं. काय वाचत होती! आजोबा मांडीवर थाप मारून हसत होते. मी तर आनंदानं स्टुलावरून पडायचीच बाकी होते.

फक्त ती जन्नतीची दुआ आली की दरवेळी तिचा आवाज खाली जायचा. तिसऱ्यांदा गेला तशी ती थांबलीच.

"ताई, तुमचे प्रकाशक एवढं काही चुकीचं म्हनून नाई राह्यले."

माझा चेहरा पडला. मी भांडायला कंबर कसून आलेली, आणि हीच माघार घेतेय?

"आमच्यात गेलेल्या मानसाचं नाव काढलं का दुआ निंघतेच तोंडातून," ती म्हणाली. "लिहितानीबी तशीच निंघाली. पन या पानात अब्बा गाडी चालवून राह्यले, मी समोर बसली हाये. चालत्या गाडीवरून मी त्यायले जन्नतीत कायले धाडून राह्यली?"

आजोबांचं हसू थांबलं.

"इथून काढा," ती म्हणाली. "पन ज्या पानावर ते जातात, तिथून पुढची एकबी काढू नका."

मी तिथूनच प्रकाशकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "काही बोलू नका, फक्त ऐका," असं जवळजवळ दरडावलंच. तिनं आधी टाकीवरचा प्रसंग वाचला, दुआ गाळून. मग अब्बा गेले ते पान वाचलं, आणि तिथे पहिल्यांदा दुआ आली. तिच्याच बोलीत, तिच्याच आवाजात. मग प्रकाशक म्हणाले, "भाषेला कुठेच हात लावू नका. असंच छापू."

मी ओरडलेच! आजोबांनी स्वतःच्या फटफटीचा हॉर्न दाबून धरला. तिनं मोबाइल खाली ठेवला आणि पुसूनही तेलकटच राहिलेल्या हातांनी मला मिठी मारली. माझ्या पिवळ्या ओढणीवर अजून तो डाग आहे.

महिन्याभरानं छापण्याआधीची शेवटची प्रत तिच्याकडे पाठवली. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"ताई, दुसऱ्या प्रकरनात एक दुआ राहून गेली. काढा ना लवकर. तिथं अब्बा अजून चहा पिऊन राह्यले."