लाइटच्या विरोधात एक मुद्दा

मित्रांनो, कॉलेजच्या भित्तिपत्रकावर हे लावतो आहे, कारण मी अगदी रडकुंडीला आलो आहे.

'गावात वीज आली' हा माझा निबंध सरांनी आज परत केला. म्हणाले, "नुसती आरती ओवाळलीस. विरोधातला एक तरी मुद्दा परवापर्यंत आण, नाहीतर नापास."

दुपारपासून अख्खं लोहारा गाव पालथं घातलं. सगळे लाइटवर खूश. शेवटी घरी शिवणकाम करणाऱ्या वहिनीला विचारलं.

"पहिले दिव्यातलं तेल सरलं का मी मशीन बंद करून निजत होती, भाऊजी. आता लाइट काही सरत नाही."

मुद्दा सापडला. तो लिहायला आता मध्यरात्री त्याच लाइटखाली बसलो आहे. वहिनीची मशीन चालूच आहे.

खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही आधी निबंध पुरा केला असता, की बटण बंद केलं असतं?