रेड्याची मान

मुलांनो,

दसऱ्याला तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. तुमच्या बाबाने यंदा घेतलेला जुना ट्रक, त्याच्या तोंडाला बर्फ लोटायचं पिवळं पातं, पात्याला कागदी झेंडूचा हार, आणि वर उचललेल्या त्या पात्याखाली मांडी घालून बसलेले तुम्ही दोघं. खाली बाबाने लिहिलं होतं, ‘सेम आजोबांसारखं!’

माझ्या हातातला चहा मांडीवर सांडला आणि तो गरम आहे हे मला नंतर कळलं. तिकडे किती वाजले असतील याचा हिशेब न करता मी फोन लावला. असं मी कधी करत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

“मुलं कुठे आहेत?”

“घरात. का गं आई? बरी आहेस ना?”

“पातं खाली घे.”

“काय?”

“ट्रकचं पातं. आत्ता जाऊन खाली घे, मग बोल माझ्याशी.”

तुमचा बाबा हसला. म्हणाला, “अगं, हायड्रॉलिक आहे ते. लिव्हर ओढल्याशिवाय खाली येतं का?”

हेच वाक्य मी याआधी एकदा ऐकलं होतं. तुमच्या आजोबांच्या तोंडून, तशाच एका पात्याशेजारी उभं राहून. फोनवर मला पुढे काही बोलता येईना. जे बोलता आलं नाही ते लिहून पाठवते आहे. आई तुम्हाला वाचून दाखवील. बाबानेही शेजारी बसून ऐकावं, कारण त्यालाही हे आम्ही कधी सांगितलेलं नाही.

आमची सोसायटी मुलुंडला डोंगराच्या अगदी पायथ्याशी आहे. समोर चाळ, मध्ये एक गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला सरळ डोंगर. तुमच्याकडे जसा बर्फ साचतो तसा आमच्या गल्लीत पावसाळाभर चिखल साचायचा. लाल, जड, दगडगोटे मिसळलेला. तो गुडघाभर झाला की रिक्षा आत यायची नाही, ॲम्ब्युलन्स यायची नाही. तक्रारी करून सगळे थकले होते. तेवढ्यात डोंगरापलीकडची एक दगडखाण बंद पडली आणि तिथला एक जुनाट टिपर ट्रक चाळीतल्या मामांनी शोधून काढला. मामा म्हणजे चाळीतले सगळ्यांचे मामा, मूळचे मालवणकडचे. त्यांचे वडील गिरणीत होते. मामांनी मात्र आयुष्यभर ट्रक चालवला.

तुमचे आजोबा तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. कारखान्यात मेंटेनन्सचं खातं सांभाळलेला माणूस, त्यांना घरात काय करावं सुचत नव्हतं. त्यांनी त्या टिपरचा हौदा उतरवून टाकला. हौदा उचलणारा हायड्रॉलिक पंप आणि दंडा पुढे आणून बसवला. पाण्याच्या फुटक्या लोखंडी टाकीचा पत्रा वाकवून, मागे अँगल जोडून पातं केलं. पहिल्याच दिवशी ते पातं गटाराच्या झाकणाला अडकलं आणि मामांचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. मग आजोबांनी जुन्या टायरची पट्टी कापून पात्याच्या खालच्या कडेला बोल्टने बसवली. त्यानंतर झाकणं वाचली, मामांचं कपाळही वाचलं.

चाळीतल्या बायकांनी त्याला नाव ठेवलं रेडा. मान खाली घालून ढकलत निघायचा, म्हणून रेडा. मामी तेवढ्या नाराज होत्या. “रेडो म्हणा नको गो,” त्या म्हणायच्या, “यमाचा वाहन ता.” पण नाव चिकटलं.

रेड्याची उस्तवार हा आजोबांचा संसारच झाला होता. पावसाळ्यात रोज काम संपलं की पातं होजपाइपने धुवायचं, कारण लाल माती रात्रभर राहिली तर पत्रा खाते. सांध्यांना ग्रीस. उन्हाळ्यात गंज घासून रेड ऑक्साइड. बॅटरी काढून आमच्या बाल्कनीत, माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी. मी ओरडायची, ते म्हणायचे, “कढीपत्ता चार्ज होईल.” आणि सगळ्यांत कडक नियम एकच. ट्रक उभा केला की पातं जमिनीवर टेकवायचं. दुरुस्तीसाठी वर घ्यावं लागलंच तर खाली लाकडाचे दोन जाड ओंडके लावल्याशिवाय कुणी हात घालायचा नाही. तेलाच्या जोरावर लटकलेल्या लोखंडावर विश्वास ठेवायचा नसतो, असं ते कारखान्यात शिकले होते. गल्लीत मात्र ते एवढंच सांगायचे, “रेड्याची मान खाली.” मामा ट्रक लावून निघाले की आजोबा चौथ्या मजल्यावरून ओरडायचे, “मान?” आणि मामा खालून वर न बघता, “खाली!”

अशा माणसाकडून ते कसं घडलं, याचा मला अजूनही धक्का बसतो.

त्या वर्षी पाऊस नवरात्रापर्यंत लांबला होता. खंडेनवमीला उघडीप मिळाली. तुम्हाला सांगायला हवं, दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे अवजारांची पूजा करतात. सुतार करवत पुजतो, शिंपी मशीन पुजतो. आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशीपर्यंत त्या अवजाराला कामाला लावायचं नाही, ते विश्रांती घेतं.

गल्लीने ठरवलं, यंदा रेड्याची पूजा करायची. सकाळी बायकांनी गल्ली झाडली, रेड्याला आंघोळ घातली. आजोबांनी पात्याला नवा पिवळा रंग दिला होता. मी समई घेऊन खाली गेले. ती माझ्या आईने मला लग्नात दिलेली, पितळेची, हातभर उंच. पातं नेहमीप्रमाणे जमिनीवर टेकलेलं होतं. मामींनी ते पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

“ह्या काय? देवाक जमनीर ठेवतंत काय? आणि ता पण गटाराच्या बाजूक!”

आजोबा म्हणाले, “अहो वहिनी, ते जमिनीवरच असतं.”

“कामाच्या दिवसा असांदे. आज तो देव. पाटार बसवा त्येका.”

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, “वर घ्या हो साहेब थोडं. हार लोंबला पाहिजे, फोटो झकास येईल.”

सगळ्यांना ते पटलं. आजोबांनाही पटलं. देवाला पाटावर बसवायचं यात चुकीचं काय वाटणार? मामांनी इंजिन चालू करून पातं कमरेच्याही वर उचललं. खाली पाट मांडला, पाटावर समई, पाटाभोवती रांगोळी. पूजा झाली की समई बाजूला काढून पातं हळूच पाटावर टेकवू, असं ठरलं. ओंडके होते ना, ते तेलकट, काळे. पूजेत ते बरे दिसेनात म्हणून भिंतीकडे सरकवले गेले.

हळद, कुंकू, हार, नारळ. सेक्रेटरींनी फोटो काढला. पिवळं पातं, झेंडूचा हार, शेजारी आजोबा पांढऱ्या सदऱ्यात, हात पात्यावर, मित्राच्या खांद्यावर ठेवावा तसा. मी म्हटलं, “अहो, पडणार नाही ना हे?” तेव्हा ते हसून म्हणाले, “हायड्रॉलिक आहे ते. लिव्हर ओढल्याशिवाय खाली येतं का?” इतक्या लोकांत, सणाच्या दिवशी, नवा सदरा घातलेला माणूस असं बोलून जातो.

तो फोटो त्यांनी लगेच तुमच्या बाबाला पाठवला. तोच तुमच्या जिन्याजवळच्या भिंतीवर आहे.

आरती झाल्यावर मामा पातं खाली घ्यायला केबिनकडे निघाले आणि मामींनी त्यांना अडवलं.

“खंय चल्लात? पूजा झाली मां? आता फाल्यापर्यंत हात लावचो नाय.”

मामांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी मामींकडे पाहिलं. पूजा झाली की टेकवू असं ठरवताना, पूजेनंतर अवजाराला हात लावायचा नसतो हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, “राहू दे ना, एक दिवसाचा प्रश्न आहे.” प्रसाद वाटला गेला. रेडा मान वर करून उभा राहिला. त्या दिवशी गल्लीत कुणीही “मान?” असं विचारलं नाही.

जेवणं झाल्यावर आम्ही बायका पुन्हा खाली बसलो होतो. वाऱ्याने समई विझली. मामी म्हणाल्या, “गो वहिनी, दिवो गेलो बघ.” मी उठले, पात्याखाली वाकले, वाती सारख्या केल्या. काडी ओढली, पेटेना. दुसरी ओढली, तीही नाही. पेटी सादळली होती. मी पात्याखालून बाहेर येऊन वळले आणि म्हटलं, “मामी, तुमची पेटी द्या हो, ही गेली कामातून.”

पाठीमागून फट् असा आवाज आला, फुगा फुटावा तसा लहान. लगेच जमीन हादरली. तो दुसरा आवाज मला ऐकू आला नाही, तळपायांना कळला. माझ्या पाठीवर, मानेवर काहीतरी कोमट उडालं. मला वाटलं, पाऊस.

मी मामींकडेच बघत होते. त्यांनी पेटी पुढे केली होती. मग त्या एकदम ओरडल्या, “रवळनाथा! राखलंस रे बाबा!” मी वळून पाहिलं. पातं जमिनीवर होतं. पाट दिसत नव्हता. समई दिसत नव्हती. रांगोळीवर तेल पसरत होतं. मला सुचलं काय, तर मी म्हटलं, “अगं बाई, रांगोळी गेली.”

हायड्रॉलिकचा रबरी पाइप फाटला होता. जुनाच होता तो, टिपरबरोबर आलेला. बाहेरून काळा, धड. आतून कधीचा कुजला होता देव जाणे. लिव्हर कुणीही ओढली नव्हती.

आजोबा जिन्याने धावत आले. माझ्यापासून थोड्या अंतरावर थांबले, जवळ आलेच नाहीत. मला वरपासून खालपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, “माझा चष्मा कुठे आहे?” तो त्यांच्या डोळ्यांवर होता. मी म्हटलं, “अहो, मी ठीक आहे.” ते पुन्हा म्हणाले, “चष्मा दिसत नाहीये.” आणि तिथेच, तेलात, नव्या सदऱ्यासकट खाली बसले. कारखान्यात लोकांचे अपघात पाहिलेला माणूस. मामांनी त्यांना काखेत हात घालून उठवलं.

मला भीती नंतर आली. आंघोळीला गेले आणि केसांतून तेल जाईना तेव्हा. साबण लावत होते आणि हात थांबला. काडी पेटली असती, तर मी वाकूनच राहिले असते. पहिली वात लावून दुसरीकडे गेले असते. बाथरूमच्या दाराबाहेर आजोबा उभे होते. दर थोड्या वेळाने नुसतं, “आहेस ना?” विचारत होते.

दसऱ्याला त्यांनी आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं. ‘सोनं घ्या’ म्हणायचं असतं. पान ठेवून त्यांनी माझी मूठ मिटली आणि बराच वेळ धरून ठेवली.

रेडा विकून टाका, असं मी म्हणाले नाही. चिखल तर येणारच होता, आणि पलीकडच्या इमारतीत एकीला दिवस गेले होते. आजोबांनी सगळे पाइप नवे बसवले. पात्याला एक साखळी आणि जाड लोखंडी खीळ केली, म्हणजे तेल गेलं तरी पातं अडकून राहील. तरीही उभ्या ट्रकची मान खालीच. पुढच्या खंडेनवमीला पूजा कशी करायची असा प्रश्न आला, तेव्हा मामींनीच तो सोडवला. जमिनीवर केळीची पानं अंथरली, पातं त्यांवर टेकवलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “रेडो मान खाली घालून नमस्कार करता. देवासमोर मान वर कोण ठेवता?” त्यानंतर दरवर्षी तसंच झालं.

तुमच्या बाबाला आम्ही कळवलं नाही. तो इतका लांब. सांगून त्याने काय केलं असतं, नुसता घाबरला असता. फोटो मात्र त्याच्याकडे गेला होता, आणि त्या फोटोत पातं वर आहे, आजोबा हसताहेत. त्यावरून तुम्ही दोघं एका जुन्या ट्रकच्या पात्याखाली जाऊन बसाल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

हे लिहीत असताना तुमच्या बाबाचा फोन येऊन गेला. या वेळी तो हसला नाही. माझ्या आवाजाने त्याला चैन पडेना, म्हणून तो बाहेर जाऊन पात्याचे पाइप बघून आला. वाकवून पाहिल्यावर एकावर भेगा दिसल्या. तो बदलणार आहे. पातं त्याने खाली घेतलं आहे, त्याचा फोटोही पाठवला. हार अजून तसाच आहे. मी त्याला विचारलं, “मान?” त्याला काही कळलं नाही. आता हे वाचल्यावर कळेल. पुढच्या वेळी मी विचारीन तेव्हा तुम्ही तिघांनी उत्तर द्यायचं आहे.

भिंतीवरचा फोटो काढू नका. त्यात आजोबा छान दिसतात.

डोंगराला आता भिंत बांधली आहे, चिखल येत नाही. रेडा भंगारात गेला, मामा गावी गेले, आजोबा नाहीत. समई माझ्याकडे आहे. चपटी झाली आहे, ताटासारखी. तिच्यात तेल राहत नाही, वात राहत नाही. दर खंडेनवमीला मी ती घासते आणि देवासमोर आडवी ठेवते.