आधी विषय सांग

अख्ख्या पिंप्राळ्यात आमच्या समोरच्या घरातल्या नानांइतका उतावळा माणूस सापडायचा नाही, आणि तरी त्यांच्याशी बोलताना थांबावं लागतं ते आपल्यालाच. भुसावळला रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात त्यांची हयात गेली. कुठली मालगाडी कुठे उभी आहे, ते कागद न बघता सांगायचे. आता ऐकू कमी येतं. कानात मशीन आहे, पण "मशीन आवाज वाढवतं रे भाऊ, अर्थ मलाच लावावा लागतो," असं मशीनवर डाफरतच सांगतात. कुणी बोलायला लागलं की नाना आधी पंखा बंद करतात, मग ओठ दिसावेत म्हणून खुर्ची उजेडात ओढतात, आपल्याला उठवून तिच्यावर बसवतात आणि मग हुकूम सोडतात, "आधी विषय सांग!" आमचा दूधवालासुद्धा फाटकातूनच "विषय दूध!" म्हणून ओरडतो. एक वाक्य झालं की नानांचा पंजा वर. "थांब! पहिली गाडी पोचली नाही, दुसरी काय सोडू राहिला? एका टप्प्यात एकच गाडी!" मग डोळे मिटून, मांडीवर बोटं वाजवत, ऐकू आलेले शब्द धरून ठेवायचे, गळालेले अंदाजाने भरायचे. पंजा खाली आला की आपण पुढे. माझ्यासारख्या बडबड्याचा तोवर जीव नुसता वर-खाली होतो.

हिवाळ्यात गल्लीची भरीत पार्टी झाली. शेतात बारा माणसं, बारा तोंडं, आणि धीर एकालाही नाही. मी एक किस्सा सांगितला. सगळे हसले, नाना बोटं वाजवत बसले. तोवर किराणावाले भाऊ आपल्या आईच्या ऑपरेशनचं सांगू लागले. त्यांनी डोळे पुसले, आणि नेमका तेव्हाच माझा किस्सा नानांपर्यंत पोचला! असे खदखदून हसले की हातातली कळण्याची पुरी ताटाबाहेर पडली. भाऊंचा चेहरा दिसला तशी नानांनी मान खाली घातली. ते कशाला हसले हे मला कळलं होतं, पण वाढण्याच्या गडबडीत मी बोललोच नाही. त्या दिवसापासून नानांनी संध्याकाळी गल्लीच्या गप्पांना ओट्यावर येणं सोडलं.

आठवडाभराने मला राहवेना. त्यांची बायको, आमची अक्का, गेल्यापासून नाना घरात एकटेच असतात. बाजारात जायचं होतं, म्हणून स्कूटर फाटकात चालूच ठेवली आणि दारातूनच सुरू झालो, "नाना, भाऊंना मी सगळं सांगितलं, ते मुळीच रागावलेले नाहीत, उद्या ओट्यावर या, आणि काय हो, घरात एकट्याला करमतं का?"

नानांनी पंजा वर केलाच नाही. नुसतं हसून म्हणाले, "हो, हो."

हा माणूस समजून घ्यायचंच सोडू राहिला की काय! मी परत जाऊन स्कूटर बंद केली. आत येऊन पंखा बंद केला, खुर्ची उजेडात ओढली, समोर बसलो.

"विषय तुम्ही," मी म्हणालो. मग थांबून विचारलं, "घरात करमतं का, नाना?"

पंजा हळूच वर गेला. बोटं मांडीवर वाजू लागली, थांबली, परत वाजली. मी हललो नाही.

पंजा खाली आला.

"नाही रे करमत," नाना म्हणाले.

बाजार त्या दिवशी राहूनच गेला.