बाहेर व्हा

कुंदा गेली तेव्हा मी स्वयंपाकघरात माठातून पाणी काढत होते. तिनेच पाठवलं होतं. परत आले तर मान उशीवर कलंडलेली, डोळे खिडकीबाहेरच्या सुपारीकडे आणि मांडीवरच्या टॅबच्या काचेवर उजव्या हाताचं एक बोट. सगळ्या अंगात तेवढंच शेवटपर्यंत तिचं ऐकत होतं. भांडं हातात धरून मी म्हटलं, “आता हे कोण पिणार?” हे मी भेटायला आलेल्यांना सांगितलं की ते चहाच्या कपात बघायला लागतात. पण एका ओट्यावर जन्म काढलेल्या जावा एकमेकींच्या मरणावर काय ओव्या गाणार आहेत!

तिचं शेवटचं बोलणं एवढंच. ‘पाणी’ आणि त्यापाठोपाठ ‘बाहेर व्हा’. तोंडाने नव्हे, तोंड तर कधीच बंद झालं होतं. टॅब बोलला, तिच्याच आवाजात. मी तेव्हा पाण्यासाठी उठतच होते, पाठ तिच्याकडे होती, बोट कसं पडलं ते मी पाहिलं नाही. त्यामुळे आता जो येतो तो माझी समजूत घालतो. माझी सून स्मिता तर रोज. “आई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हो. काकूंना तसं म्हणायचं नसणार. बगच असेल तो.” स्मिता स्वभावाने गोड आहे. एवढंच विसरते, की तो प्रोग्राम मी लिहिलेला आहे.

कुंदा माझी धाकटी जाऊ. लग्नाआधीपासून मुंबईत प्रोग्रामर होती. लग्न होऊन थळला आली तरी मांडव्याहून लाँचने जायची आणि पावसाळ्यात लाँच बंद झाली की एसटीत हाडं खिळखिळी करून घ्यायची. शेवटी नोकरीला लाथ मारून तिने अलिबागला कोर्टामागे एक गाळा घेतला. तो काळच तसा होता. ज्याच्या नारळी-पोफळीच्या वाडीत दोन खोल्या जास्त, तो ‘कॉटेज’ची पाटी लावत होता आणि पाटीचा रंग वाळायच्या आत त्याला वेबसाइट हवी होती. मी चाळिशी ओलांडलेली, मुलगा हॉस्टेलला, दुपारी माशा मारायच्या तर वाडीत माशाही पुरेनात. फोन घ्यायला आणि मराठी मजकूर टाइप करायला म्हणून गेले आणि कुंदाच्या खांद्यावरून बघता बघता जावास्क्रिप्ट शिकले.

शिकले म्हणजे मला तसं वाटलं. ती तेव्हाची मी आज बाजारात समोरून आली, तर मी तोंड फिरवून कांद्याचा भाव विचारत उभी राहीन. गळ्यात मंगळसूत्र आणि त्याच्या शेजारी दोरीला पेन ड्राइव्ह, दोन्ही सौभाग्याची लेणी असल्यासारखी. मासळी घेतानासुद्धा तो दिसेल अशा बेताने पदर. भिशीत कुणी लोणच्याची गोष्ट काढली, की ही बया ‘आमच्या प्रोग्रामिंगमध्ये’ म्हणून सुरू व्हायची. बायका आत जाऊन हसायच्या. मला वाटायचं, भारावल्या.

त्या भारावलेल्या दिवसांत मी एका कॉटेजवाल्याच्या पानावर होडी सोडली. शिडाची, डुलत डुलत डावीकडून उजवीकडे जाणारी. तिच्यावर क्लिक केलं, की ती थांबायची, शीड उतरवायची आणि खोल्यांचे फोटो दाखवायची. गाळ्यातल्या कम्प्युटरवर ती इतकी देखणी चालायची, की मी जेवायचा डबा तिच्यासमोर बसून खायची. कॉटेजवाल्याच्या घरी मात्र जुना ब्राउझर होता. तिथे कितीही क्लिक केलं तरी होडी थांबेना. ती गेली ती गेलीच. पडद्याची उजवी कड ओलांडली, पान तिच्यामागे ताणत गेलं, खालची आडवी पट्टी लांबत गेली, आणि तो गृहस्थ अगदी अदबीने म्हणाला, “मॅडम, ही समुद्रापार एडनला निघाली का?”

कुंदा आली. माउसवर हात ठेवला, एकदा क्लिक केलं आणि त्याच्यासमोर म्हणाली, “वहिनींना दोष देऊ नका. त्यांना वाटतं, नवरा एक तसा जगात ब्राउझरही एकच.”

परतताना रिक्षात तिने मला समजावलं, तेही शिव्या घातल्यासारखं. क्लिक झालं ही बातमी असते. काही ब्राउझर ती बातमी तुमच्या फंक्शनच्या हातात आणून देतात. तो जुना ब्राउझर ती खिडकीत ठेवून द्यायचा, तुम्ही जाऊन उचला. “तुमचं फंक्शन हात पसरून बसलंय आणि बातमी खिडकीत वाळतेय. शिवाय थांबायचं फक्त क्लिकवर! क्लिक नाही आलं तर काठ आल्यावर तरी थांबावं, एवढी अक्कल होडीला कोण देणार?” मग म्हणाली, “आणि एक लक्षात ठेवा. बटणावर क्लिक झालं की बातमी तिथे राहत नाही. बटण ज्या चौकटीत आहे तिला कळतं, मग ती ज्या चौकटीत आहे तिला… असं वर वर जातं. मी तुम्हाला सांगते, तुम्ही सासूबाईंना, सासूबाई देवाला. तसंच.”

“मग ते थांबवता येतं का?”

“कोडमध्ये येतं,” कुंदा म्हणाली.

तिचा एकच नियम होता, आणि तो ती गिऱ्हाइकाला, मला, आळीतल्या पोरांना, लाइटवाल्याला सगळ्यांना सारखाच ऐकवायची. ज्याच्या हातात बिघडलं, त्याच्या हातात जाऊन बघा. आपल्या घरी चालतं हे कुणी विचारलेलं नाही. ‘माझ्याकडे तर चालतंय’ असं मी म्हटलं, की ती म्हणायची, “मग कॉटेजवाल्याला तुमच्याकडेच राहायला बोलवा.” पुढे आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो, गाळा गेला, साइट करायला पोरंटोरं आली, तिचा नवरा, माझा दीर, गेला. तिला मूलबाळ नव्हतं. वाडीतल्या मागच्या खोलीत ती आणि पुढच्या खोलीत मी, अशा आम्ही एकमेकींच्या उरावर बसलेल्या राहिलो.

मग तिला तो आजार झाला. डॉक्टरांनी सांगितलेलं नाव लांब होतं, अर्थ आखूड. एकेक स्नायू काम सोडणार, परत येणार नाही. सुरुवात जिभेपासून झाली. देवाला विनोद कळतो, असं मी तेव्हा तिच्या तोंडावर म्हटलं. “आता ऐकून घ्यायची पाळी तुझी, कुंदा.” ती हसली, हसताना लाळ गळली आणि ती मी पुसली, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटला.

जीभ थोडी वळत होती तोवर तिने हुकूम सोडला, की टॅबवर एक पान करा, बटणं दाबली की बोलणारं. बाजारात तयार मिळतात, स्मिता म्हणाली. कुंदाला दुसऱ्या कुणाचा आवाज नको होता. “अन् तुमचा तर… नकोच,” ती मला म्हणाली. आम्ही तिचाच आवाज भरून घेतला. एकेका शब्दाला कितीदा तरी. ‘कूस’ म्हणताना ती रडकुंडीला आली, ‘चहा’चा ‘हा’ काही केल्या निघेना. ‘बाहेर व्हा’ मात्र पहिल्याच दमात आलं, खणखणीत, जणू आजार ऐकून बाजूला सरला. ते बटण तिनेच मागितलं होतं. अडखळत म्हणाली होती, “मरताना… लांब तोंडं करून… भोवती बसू नका. हाकलायला… सोय हवी.” आणि बहुवचन तसंच ठेवलं. थोरल्या जावेला हाकलायचं ते मानानेच.

पान मी लिहिलं. पहिल्या पडद्यावर चार मोठी बटणं. चहा, पाणी, पंखा, आणि कूस, म्हणजे कुशीवर वळवा. एकाला हात लावला, की तिचा आवाज तो शब्द बोलणार आणि तो पडदा डावीकडे सरकून दुसरा येणार. त्यावर नको, बाहेर व्हा, नंतर, आत्ता. त्यातलं एक दाबलं, किंवा थोडा वेळ काहीच दाबलं नाही, की पहिला पडदा परत. सरकायची काही गरज नव्हती. पण वय वाढलं म्हणून होडी सोडायची खोड जाते थोडीच! चांगलं लोण्यासारखं सरकवलं. माझ्या लॅपटॉपवर बघितलं, चाललं. माझ्या फोनवर बघितलं, चाललं. टॅब जुना होता, कपाटातून काढलेला. त्यावर घातलं आणि तिच्या मांडीवर ठेवून दिलं.

पहिल्याच दिवशी तिने ‘पाणी’ दाबलं. टॅब म्हणाला, “पाणी.” आणि लगेच, “बाहेर व्हा.” आम्ही हसून लोळलो. पाणी द्या आणि चालते व्हा, दुसरं कोण म्हणणार! ‘कूस’ दाबलं, “कूस. आत्ता.” अगदी तिचाच तोरा. दारात मासळी घेऊन आलेल्या कोळणीने ऐकलं आणि कपाळाला हात लावला, “तोंड गेला तरी जीभ हाय गो या बायची!” मग ‘चहा’ दाबलं. “चहा. नको.”

चहा केला होता. तो परत नेला. पुन्हा “चहा. नको.” संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. स्मिता म्हणाली, काकू चिडवतायत. मीही म्हटलं, बाईची नाटकं जात नाहीत. तिला चहा चमच्याने पाजावा लागे, घोट घोट, अर्धा तास, आणि खरं सांगायचं तर तो वाचला म्हणून माझी पाठ सुखावली. एका दुपारी तर “नको” झाल्यावर तोच कप मी तिच्यासमोर बसून प्यायले, फुर्र आवाज करून. तिच्या डोळ्यांत राग होता. बरोबर, म्हटलं, चिडायलाच बसलीय. आठवडाभर तरी असंच चाललं. जिला दिवसातून चार कप लागायचे, ती बाई चहा मागत होती आणि तिचाच आवाज तिला नाही म्हणत होता.

मग एक दिवस तिने ‘चहा’ दाबलं, “नको” झालं, पान आपोआप पहिल्या पडद्यावर आलं, तिने पुन्हा दाबलं. पुन्हा “नको”. परत, परत, परत. मी हसत बघत होते. तिने बोट उचललं, महत्प्रयासाने, आणि काचेवरून सरकवत सरकवत माझ्या हाताला आणून टेकवलं. माझ्या बोटाला. मग माझ्याकडे असं बघितलं, की मी ताबडतोब अलिबागच्या गाळ्यात पोचले, समोर तो कॉटेजवाला, आणि होडी एडनला.

ज्याच्या हातात बिघडलं, त्याच्या हातात जाऊन बघा.

टॅब मांडीवर घेतला आणि माझ्या बोटाने ‘चहा’ दाबलं. “चहा,” कुंदा म्हणाली. मी बोट उचललं, कशालाही हात लावला नाही. “नको,” कुंदा म्हणाली. पलंगावर ती डोळे मिटून पडली होती, एखाद्या मठ्ठ पोराला अखेर पाढा आला की मास्तर पडतात तशी.

कारण कळायला वेळ लागला नाही, कळल्यावर लाज लपवायला लागला. त्या जुन्या टॅबचा ब्राउझर एका स्पर्शाच्या दोन बातम्या द्यायचा. बोट लागलं ही पहिली. मग क्षणभर थांबायचा, बोट पुन्हा पडतंय का बघायचा, आणि नाही पडलं तर त्याच जागेवर क्लिक झालं म्हणून दुसरी. तेवढ्यात माझा लोण्यासारखा पडदा सरकून गेलेला असे. एका पाहुण्यासाठी वाढलेलं ताट, तो उठून गेल्यावर त्या पाटावर येऊन बसलेल्यापुढे. चहाच्या जागी नको आलेलं असे, पाण्याच्या जागी बाहेर व्हा. लॅपटॉपवर माउस, तिथे बोटाची भानगडच नाही. माझा फोन नवा, तो थांबतच नसे. आणि घरातल्या कुणालाही शंका आली नाही, कारण जे ऐकू येत होतं ते हुबेहूब कुंदासारखं होतं. जन्मभर बाई गोड बोलली असती, तर पहिल्या दिवशी चूक सापडली असती.

दुरुस्ती एका ओळीची. स्पर्श पोचला, मागाहून क्लिक पाठवू नकोस, एवढं ब्राउझरला बजावायचं. टॅब तिच्या मांडीवर ठेवला. तिने लगेच चहा मागितला नाही. ती कुंदा होती. चारही बटणं तिने दोनदोनदा दाबून पाहिली, दर वेळी थांबून, कान देऊन. मग शेवटी ‘चहा’. “चहा.” पुढे काही नाही. मी अर्धा तास चमच्याने पाजला. माझी पाठ मोडली, आणि तिने ‘चहा’, पाठोपाठ ‘आत्ता’ दाबून दुसरा कप मागितला.

त्यानंतर तो टॅब चुकला नाही, असं मी म्हणते. स्मिता म्हणते, चुकला असेलच. तिला वाटतं, ती मला दिलासा देतेय. पण बघा ना, तो बग होता म्हणजे माझी ती एक ओळ खोटी ठरली, म्हणजे मरतानासुद्धा बाई माझ्या चुकीच्या तोंडून बोलली. आणि बग नव्हता, तर तिने मला हाकललं. जी बाई तिची लाळ पुसत होती तिला. दोन्हीतलं एक घ्यायचंच आहे.

तेरावा झाला, माणसं पांगली. नातवाला कार्टूनसाठी टॅब हवा होता, मी दिला नाही. तिच्या खोलीत, तिच्या पलंगावर, तिच्या उशीला टेकून मी बसते दुपारी चहाच्या वेळेला, कप घेऊन. फुर्र आवाज करून पिते, ती ऐकत नाही हे माहीत असूनही. मग टॅब मांडीवर घेते आणि एका बोटाने, अगदी तिच्यासारखं जड करून, ‘पाणी’ दाबते.

“पाणी,” कुंदा म्हणते.

पडदा सरकतो. बोटाच्या जागी ‘बाहेर व्हा’ येऊन उभं राहतं. मी हात मागे घेऊन थांबते… बाहेर झावळी वाजते. टॅब काही बोलत नाही. पहिला पडदा परत आला, की पुन्हा दाबते. पुन्हा थांबते. रोज बघते, रोज काही येत नाही.

मग टॅब उशीशी ठेवते, कप उचलते, आणि सांगितल्याप्रमाणे बाहेर जाते.