चेसीवरचं ग्रीस

साताऱ्यातला आमचा मेकॅनिक गाडीखालून बाहेर आला, की आधी हात पुसायचा, मगच बोलायचा. आमची दोन सीटची स्पोर्ट्स कार दुसऱ्या महायुद्धाआधीची आहे, असं माझे यजमान येईल त्या पाहुण्याला सांगत. मेकॅनिक मान डोलवायचा.

बहात्तरच्या दुष्काळात ते गेले. मी गाडी विकायला काढली. सांगलीच्या गिऱ्हाइकाला खरं साल कागदावर हवं होतं. मेकॅनिकनं चेसीवरचं ग्रीस खरवडून नंबर वाचला आणि हात न पुसताच बोलला.

“युद्धानंतरची हाय, वैनीसाहेब.”

“कधीपासून ठाऊक होतं?”

“पयल्या दिसापासनं. सायबांना नंबर दिसू नये म्हणून मीच दर बारीला ग्रीस थापत हुतो.”

मी साल लिहून घेतलं. तो पुन्हा गाडीखाली गेला, नंबरावर ग्रीस थापलं आणि बराच वेळ बाहेर आला नाही.