ड्रायव्हरबाईंचं ग्राफिक्स कार्ड

ड्रायव्हरबाईंच्या रागाचा आवाज होत नसे. राग गिअरसारखा आत बसायचा आणि मग निघायचा नाही.

उभी हयात त्यांनी शहरात बस चालवली. लेक लग्न होऊन गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर मागे राहिला. निवृत्त झाल्यावर बाईंना त्यात गाड्यांच्या शर्यतीचा खेळ सापडला. दुपारी भांडी आवरली की चष्मा पुसून त्या बसायच्या. दुसरा विरंगुळा नव्हता.

एका रविवारी व्याही-विहीण, लेक, जावई सगळे आले. जावयाने लॅपटॉप आणला होता. तो सोफ्यावर, बाई टेबलापाशी, शर्यत लागली. बाईंच्या पडद्यावर चित्र प्रत्येक वळणावर अडखळत होतं. भिंत आधी लागायची, दिसायची नंतर. त्या आपटत राहिल्या.

जावई मांडी थोपटत म्हणाला, "सासूबाई, बस चालवायचात की ढकलायचात?"

व्याही हसले. विहीणबाई हसल्या. तिथवर बाईंनी गिळलं. मग लेक हसली. तोंडावर हात धरून, पण हसली.

"चहा टाकते," बाई म्हणाल्या.

जावयाच्या कपात साखर नव्हती. भिडेखातर त्याने तो सगळा संपवला. पण एवढ्यावर भागणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई कॉम्प्युटरच्या दुकानात गेल्या.

"ग्राफिक्स कार्ड द्या, पडद्यावरचं चित्र अडखळतं. जावयाला हरवायचंय."

दुकानदाराने मान वर केली. "मशीन किती जुनं?"

"लेकीच्या लग्नाआधीचं."

"मग मोठं कार्ड झेपणार नाही. तुमचा पॉवर सप्लाय म्हातारा झाला. जास्त वीज मागितली की मशीन मान टाकेल."

"म्हाताऱ्यांबद्दल जरा जपून बोला."

तो हसला. त्याने एक लहान कार्ड काढलं. याला वेगळी वायर लागत नाही, म्हणाला, बोर्डावरच्या खाचेतूनच वीज घेतं. आत मावेल का, तेवढं बघा. बाईंनी कार्डावर वीत टेकवली. कॉम्प्युटरच्या डब्यातली जागा त्या घरून मोजूनच आल्या होत्या.

घरी त्यांनी प्लग काढला, डबा आडवा केला आणि ब्रशने वर्षांची धूळ झाडली. कार्ड खाचेत दाबलं. स्क्रू आवळला. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा मात्र काळाच राहिला. त्या काळ्या काचेत बाईंना जावयाची बत्तिशी दिसली. त्यांनी दुकानात फोन लावला.

"पडद्याची वायर कुठे लावलीत?"

"होती तिथेच."

"ती जुनी जागा झाली, बाई. आता कार्डाच्या पाठीमागे लावायची."

वायर बदलली आणि चित्र आलं. भिंत आता लांबूनच दिसत होती, एकेक वीट मोजावी इतकी स्वच्छ.

तरी खेळातल्या मशीनच्या गाड्यांशीही बाई हरल्याच. रोज सराव केला आणि रोज मागे राहिल्या. आता कार्डालाही बोल लावता येईना. मग एकदा त्यांनी पडदा सोडून स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. वळण जवळ आलं की बोट आपोआप ब्रेकच्या बटणावर जात होतं. मागे उभी असलेली माणसं तोल जाऊन पडू नयेत म्हणून. बाईंच्या बसमध्ये कधी कुणी पडलं नव्हतं. ती पुण्याई आता आड येत होती. मागे कुणी नाही, असं त्यांनी मनाला बजावून पाहिलं. मन ऐके, बोट ऐकत नसे.

एका रविवारी पुन्हा तेच सगळे जमले. जावयाने लॅपटॉप उघडून बोटं कडाकडा मोडली. "सांभाळून हां, सासूबाई. प्रवासी आहेत मागे!"

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग मनातल्या मनात त्यालाच बसमध्ये चढवलं. मधल्या वाटेत, दांडा न धरता उभा.

पहिलं वळण आलं. बोट जागचं हललं नाही. दुसऱ्या वळणाला बाईंनी वेग वाढवला. तिसऱ्याला तो मागच्या सीटवर जाऊन आदळला असावा, कारण बाई स्वतःशीच हसल्या. त्याची गाडी कधी मागे पडली तेही त्यांना कळलं नाही.

"नवं कार्ड टाकलंत म्हणून!" जावई उठून उभा राहिला. "परत एक होऊ द्या."

"नाही."

"बरं, पुढच्या रविवारी."

"कधीच नाही, जावईबापू. आता जन्मभर तुम्ही हरलेले."

त्या वळल्या आणि त्यांनी तो खेळ कॉम्प्युटरमधून काढायला घेतला. नक्की काढायचा का, असं मशीनने विचारलं. बाईंनी 'हो' दाबलं.

विहीणबाईंचा घास हातातच राहिला. लेक जवळ आली. "आई, अगं, मग दुपारभर करशील काय?"

"याला हरवलेलं आठवत बसेन."